पाणी कुठं मुरतंय

डाव्या दिव्यात पाणी साठलं, ते आधी प्रवाशांना दिसलं.
बातूमीच्या स्टँडवर चढता चढता एक बाई म्हणाली,
"तुझी गाडी एका डोळ्यानं रडतेय गं."
रडत नाही, म्हटलं, घाम आलाय.
वीस वर्षांची डेलिका, जपानातून आलेली,
स्टिअरिंग अजून उजवीकडंच;
खुलोच्या चढावर ओव्हरटेक करायचं
तर शेजारच्याला विचारावं लागतं: समोरून कोण येतंय का?
तो सांगेल त्यावर नऊ जणांचा जीव.

सल्ले फुकट मिळाले.
भोक पाड. केस वाळवायचं यंत्र लाव.
बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाक आत.
सासरे म्हणाले, "बंद कर. जिथं फट तिथं पाणी."
सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यापासून ते फटी बुजवतात.
खिडक्या, टबाची कड, रेडिओची मागची बाजू.
हातात पांढऱ्या सिलिकॉनची नळी,
जपमाळ असावी तशी.

शेवटी एनवेर आला. तीन बोल्ट, एक क्लिप.
क्लिप तुटली. ती तुटतेच, म्हणाला.
खाचापुरीच्या ताटात दिवा ठेवला, ओव्हन पंच्याण्णववर,
बारा मिनिटं, वर एक मिनिट नाही.
स्वयंपाकघरभर डांबराचा वास, त्यात जुन्या जळक्या चीजचा.
सासरे काठीवर हनुवटी टेकून
ओव्हनच्या काचेतून बघत बसले,
टीव्हीवर कुस्ती लागल्यासारखे.

दोन पेचकस घालून एनवेरनं काच उचलली
तशी काळ्या डिंकाची तार लांबत गेली.
दिवा उलटा केला: अर्धा कप पाणी
आणि एक मेलेला कोळी.
मग तो "अरे" म्हणाला आणि गप्प झाला.

मागं एक रबरी नळी असते, करंगळीएवढी,
दिव्याला श्वास घ्यायला.
ती बुजवलेली होती. पांढऱ्यानं.
आमच्या टबाच्या कडेचं पांढरं.
आणि त्यावर अंगठा, रेघारेघांसकट,
मध्ये तिरका व्रण, करवतीचा.
तोच अंगठा दोन हातांवर काठीवर टेकला होता.

"सापडलं?" सासऱ्यांनी विचारलं. "पाणी कुठं मुरतंय?"
एनवेरनं माझ्याकडं पाहिलं.
"जपान्यांची चूक," मी म्हटलं,
"कारखान्यातच नळी बंद राहिली."
"मी सांगत होतोच," ते म्हणाले,
आणि चहा मागितला, दोन साखरेचा.

एनवेर चाकूनं खरवडत राहिला, बोलला हळूच, माझ्यापुरतं:
पेटला की आतली हवा तापते, बाहेर पडते.
विझला की गार होते, बाहेरची ओढून घेते.
तोंड दाबलं तर कुठूनतरी चोरून ओढते,
पण सोडता येत नाही तिला.
पूर्ण कोरडा दिवा नसतोच, लामारा.
जरा धुकं धरेल, दहा मिनिटांत जाईल.
लगेच मला फोन करू नकोस.

तो पांढरा बोळा मी मागून घेतला.
सुट्या पैशांच्या डबीत आहे, गाडीत.

रात्री खुलोच्या वाटेवर डावीकडं धुकं धरलं.
मी मोजत गेले. सातव्या मिनिटाला
काचेच्या कडेपर्यंत सरकलं, मग नाहीच.
शेजारी झोपाळू शाळामास्तर.
"येतंय का कोण?" "नाही. जा."
गेले.

घरी आले तर स्वयंपाकघरात कालचा वास तसाच,
बाहेर जायला वाटच नाही त्याला.
पावाची सुरी घेतली, खिडकीच्या कडेचं पांढरं
दोन बोटं कापलं.
ओल्या संत्र्यांच्या झाडांची हवा आली, बारीक, शिट्टीसारखी.

सकाळी तिथं नवं सिलिकॉन.
अजून ओलं.
सासरे पलीकडं खोटं खोटं खोकत होते.
वाळलं का बघायला मी बोट लावलं.
आता तिथं दोन ठसे आहेत.