हातचा

तार्तू. फेब्रुवारी. उणे सतरा.
नदी गोठलेली, आणि आमच्या संस्थेची वार्षिक सभा
वाचनालयाच्या तळघरात,
कारण तिथे भाडं लागत नाही.
मी हेल्वे, खजिनदार. बिनपगारी.
अठ्ठावीस वर्षं शाळेचा जमाखर्च लिहिला,
आता घड्याळांचा लिहिते.

म्हणजे असं, की
कुठल्याशा सरकारच्या मनात येतं :
शुक्रवारपासून देशाची घड्याळं तासभर पुढे.
त्या रात्री काल्यू जागतो.
चार ओळी खोडतो, पाच लिहितो,
आणि सकाळी तिथल्या बोटी, दवाखाने, पावभट्ट्या
वेळेवर उठतात.
तू झोपलास का, असं त्याला कुणी विचारत नाही.
विचारणार कसं? तो आहे हेच माहीत नाही.

सगळं खुलं. घ्या, वापरा, बदला.
पाणपोईचा पेला निदान साखळीला बांधलेला असतो,
आमच्याकडे साखळीही नाही.
घेणाऱ्यांत एक कंपनी अशी,
जिच्या एका इमारतीचं वीजबिल
आमच्या नऊ वर्षांच्या खर्चाएवढं.
तिनं गेल्या वर्षी आम्हाला एक पत्र पाठवलं.
आभाराचं नव्हे. तक्रारीचं.

जमा : तीनशे बारा माणसांच्या देणग्या.
ओसाकाहून कुणी दरमहा दोन युरो पाठवतो,
निरोपाच्या जागी फक्त एक टिंब.
चिन्ह छापलेले कप विकले, टपालखर्च वजा जाता नफा एकोणीस.
खर्च : काल्यूचा पगार. अर्धा.
शिल्लक : अकरा महिने.
मी सभेत रक्कम सांगत नाही, महिने सांगते.
रकमेवर लोक मान डोलावतात,
महिने ऐकले की खुर्च्या करकरतात.

मग स्टॉकहोमहून आलेली दोघं बोलली.
बूट दारात काढून नुसत्या मोज्यांवर बसली होती,
म्हणून रागावणंही जरा जड गेलं.
पाच वर्षं. दोन पूर्ण पगार.
बदल्यात एकच ओळ :
यंत्रानं वेळ विचारायची ती पहिल्यांदा आमच्या दारी.
नको असेल त्यानं बदलावी. कुणीही, केव्हाही.

बदलत कुणीच नाही,
हे त्यांना ठाऊक, आम्हालाही.
ताकाला आले होते आणि भांडं समोरच ठेवलं होतं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रैगो उठला. वय बावीस.
म्हणाला, वेळ विकायची नसते.
टाळ्या पडल्या.
मी विचारलं, रैगो, तुझ्या खोलीचं भाडं कोण भरतं?
आई, तो म्हणाला.
कुणी हसलं नाही.
विचारलं याची मलाच लाज वाटली, अजून वाटते.

काल्यू कोपऱ्यात. अंगठ्याला पट्टी.
पगाराच्या उरलेल्या अर्ध्यासाठी
तो दुपारी लिफ्ट दुरुस्त करतो.
आमच्या ताळेबंदात ही दुपार कुठेच नाही.
बेरजेत हातचा विसरला
तर उत्तर चुकतं,
पण दिसायला अगदी नेटकं दिसतं.
इतकी वर्षं मी असं नेटकं लिहीत आले.

तो म्हणाला, ओळ लिहितो.
पण तिच्या डोक्यावर आणखी एक लिहिणार :
ही ओळ कुणाच्या पैशाची,
किती पैशाची,
कधीपर्यंतची.
वाचणाऱ्यानं वाचावं.

पाहुणीनं वही मिटली.
विचारून कळवते, म्हणाली.
दारात बूट घालताना तिचा तोल गेला,
तेव्हा हात काल्यूनंच दिला.

मार्च लागला. कळवलेलं नाही.
टिंब मात्र आलं, एक तारखेला, दोन युरो.
दूरच्या एका बेटावर आज
घड्याळांवर मतदान आहे.
काल्यू कुठल्याशा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये,
फोन लागत नाही.

मी अकरा खोडून
दहा लिहिते.