पांगुळगाडा

कुरिअरच्या खोक्यातून निघालं ते एवढंसंच:
दोन जबडे, एक स्क्रू, खाली पितळी चाक.
रंध्याचं पातं जबड्यात धरायचं,
चाक दगडावर टेकवायचं, मागंपुढं करायचं.
कोन हलत नाही.

बाबा ओट्यावरून बघत होते.
"पात्यालेबी पांगुळगाडा आनला काय वं, बेबे?"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
हसायचा हक्क त्यांचाच.
अर्ध्या गावानं पहिलं पाऊल
उकंडा वाढयाचा पांगुळगाडा ढकलत टाकलंय.
सरपंचानंसुद्धा. तो तर दोन वर्षांचा झाला तरी सोडत नव्हता.

त्यांना कोन कुठं ठाऊक होता.
ओलं गोणपाट, त्यावर कुरुंदाचा दगड,
मनगट आवळलं की झालं.
गेल्या पोळ्यापासून मात्र
चहाची बशीसुद्धा वाजते त्यांच्या हातात.

मी आधी त्यांचंच पातं घेतलं,
पाठीवर खिळ्यानं कोरलेला 'उ'.
पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं माप धरलं,
मार्करनं उतार काळा केला,
पाच फेऱ्या मारून उन्हाला धरला.

शाई गेली होती फक्त डाव्या कोपऱ्यात,
जोंधळ्याच्या दाण्याएवढी.
बाकी सगळा काळाच.

रोज थोडं, चाळीस वर्षं,
मनगट उजवीकडं झुकत गेलं होतं.
म्हणूनच रंध्यात पातं बसवताना
ते हातोडीची एक टिचकी आडवी मारायचे.
मला वाटायचं, तो मान असतो हत्याराचा.
मीही मारत आले, आजवर.

हात थांबला.
हे सरळ करायचं म्हणजे
मनगटच घासून काढायचं त्यांचं.

"काऊन थांबली?"
दाखवलं. त्यांनी पातं डोळ्याजवळ नेलं,
भिंतीवरचा कवडसा थरथरत राहिला.
"घास," म्हणाले. "चूक हाय थे माह्यी.
वारसा नोय."

दुपार त्यातच गेली.
काळं पाणी ओट्याखाली ठिबकलं,
कोंबड्यांनी चोच मारून पाहिली, सोडून दिलं.
मधेच स्क्रू ढिला झाला, पातं सरकलं,
सगळं पहिल्यापासून.
चार वाजता कधीतरी पाठीवर नखाला कुसळ लागलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखं.
ते मोडलं, जुन्या चपलेच्या कातड्यावर ओढून.

सागाचा तुकडा शोधायला उठले
तर म्हणाले, "इकडं आन,"
आणि बाही वर सारली.

कामाच्या दिवसांत त्या हातावर
रुपयाएवढी जागा कायम तुळतुळीत असायची.
धार तिथंच पारखायचे.
आता केस उगवलेत तिथं, पांढरे,
जावळासारखे मऊ.

"घट्ट धर," म्हणाले, "हालते थो."

मी तो हात दोन गुडघ्यांत आवळला
आणि पातं टेकवलं.