नऊला पुन्हा फोन कर

सकाळी सहाला मी विमानतळावर फोन लावते.
पलीकडची ग्रासा आता नाव विचारत नाही,
खिडकीबाहेर डोकावून सांगते,
“समोरचा डोंगर दिसत नाही, झेलिया. नऊला पुन्हा कर.”
सुरीसारखं लांबट आमचं बेट,
आणि आईचं औषध दुसऱ्या बेटावर,
मध्ये समुद्र, त्यावर धुकं, आणि धुक्याची मर्जी.

आई कोट घालून बसलेली असते, पर्स मांडीवर,
लग्नाला निघाल्यासारखी.
बेनेदिताचा एक बूट सापडत नाही.
दुआर्ते विचारतो, आज आजी उडणार की नाही?

चाळीस वर्षं ती चीजच्या कारखान्यात होती.
फळीवरच्या एकेका चाकावर
छोट्या हातोडीने टकटक करायची, कान द्यायची,
हे अजून कच्चं. ह्यात पोकळी. हे उतरलं, काढा.
पोट दुखायला लागलं तेव्हा
बोटाच्या पेराने स्वतःच्या पोटावर वाजवून म्हणाली,
“आत काहीतरी बसलंय.”
डॉक्टरांना तेवढंच सांगायला चार महिने लागले.

फ्रिजच्या दारात दोन बाटल्या.
गुलाबी पोरीच्या तापाची. दुसरी आईच्या दुखण्याची.
दोन्हींच्या पिचकाऱ्या सारख्या,
म्हणून आईच्या पिचकारीला मी नेलपॉलिश लावलंय, लाल,
माझ्या लग्नातलं उरलेलं.
तरी रात्री तीनला दिवा लावून
लेबल मोठ्याने वाचते, दोनदा.
त्या वेळी माझा हात माझा असेलच असं नाही.

एका रात्री दोघी एकदम जाग्या झाल्या.
मी बोळात उभी, अनवाणी,
एक दार डावीकडे, एक उजवीकडे.
मग डावीकडचं कण्हणं थांबलं.
दुखणं नव्हतं थांबलं. मला कळत होतं
ती उशीत तोंड खुपसून पडली असेल,
नातीचा नंबर आधी लागावा म्हणून.
मी उजवीकडे गेले.
हे मी नुनोलाही सांगितलेलं नाही.

खरं सांगते, मला राग येतो.
आजारावर नाही, तो काय ऐकणार.
आई म्हणते, “तू पोरांकडे बघ,” त्याचा.
मला एक तास हवाय, फक्त एक,
कुणाचीही आई नसलेला,
तिच्या पायाशी बसून नुसती मुलगी व्हायला.
तेवढ्यात कुणाला तरी शू लागते.

दुआर्तेच्या तोंडात तीळ भिजत नाही.
जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला,
“आजी शनिवारी मरणार का?
शनिवारी माझा वाढदिवस आहे.”
नुनोचा चमचा हवेतच.
आई हसली, खोकला येईपर्यंत हसली,
म्हणाली, “शनिवारी मला वेळ नाही रे.”
आणि शनिवारी खरोखरच उठून बसली,
केकवरची मलई बोटाने चाटली,
मग भिंतीकडे तोंड करून झोपली ती रविवारपर्यंत.

आता तो सगळ्यावर टकटक करत फिरतो.
टेबल, कलिंगड, बहिणीचं डोकं, गायीचं पोट.
आज सकाळी कोटातल्या आजीच्या पाठीवर वाजवलं,
कान लावला. मी भांडी घासायची थांबले.
“काय म्हणतोय कारागीर?” आईने विचारलं.
तो बराच वेळ ऐकत राहिला.
“आत कुणीतरी चालतंय,” तो म्हणाला,
“हळूहळू.”

आई काही बोलली नाही. पर्सचा खटका
उघडला, मिटला, उघडला.
दूध उतू गेलं ते मला वासाने कळलं.
बूट सोफ्याखाली होता.
नऊला दोन मिनिटं कमी,
मी ओल्या हाताने नंबर फिरवते.