मिठाला जागणं

मंगळवारी बाराला आपापला डबा उघडून
आम्ही पडद्यावर गोळा होतो, एकेका चौकोनात.
मी ड्रुसिला, दवाखान्यातली एकटी नर्स.
खाडीपलीकडचा औषधवाला सिरिल, मागे बरण्यांची रांग.
मॅरिएट, सहा गावांना मिळून एक, हातापायांचे व्यायाम शिकवणारी.
आणि एक काळा चौकोन. त्यावर नुसतंच: एफी.

डॉक्टर किओ बोलतात सेंट जॉन्सहून.
लॅब्रॅडॉरच्या या टोकाला त्यांचा आवाज
वाऱ्याच्या मर्जीने पोचतो.
"हृदय निकामी, म्हणजे बंद पडलेलं नव्हे. ते"
आणि ओठ थिजतात.
आम्ही त्या 'ते'पाशी घास हातात धरून बसून राहतो.
मग वाक्याचं शेपूट येतं:
"मागे पडतं. येतं तेवढं उपसून होत नाही त्याला."
होडीतलं पाणी उपसणं इथे शेंबड्या पोरालाही कळतं.
मी वहीत हृदय नाही काढलं. होडी काढली.

त्या दिवशी रुग्ण मांडायची पाळी माझी.
नाव घ्यायचं नसतं.
वय एकोणऐंशी, मच्छीमार, डावा गुडघा अधू,
बायको गेलेली, हार्मोनियम कुणाला वाजवू देत नाही.
सिरिल म्हणाला, अँब्रोज रम्बोल्ट कसा आहे आता?
लपवायला गाव मोठं लागतं.

कसा आहे? लघवीची गोळी दोनदा वाढवली,
तरी नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो
आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहतो.

मॅरिएट म्हणाली, गुडघा मात्र छान झालाय त्याचा,
महिनाभरात. मीच खूश झाले होते.
सिरिलने चमचा खाली ठेवला.
"माझ्याकडून तर काही नेलं नाही त्याने."
म्हणजे दुकानातून. बिस्किटांशेजारच्या त्या वेदनाशामक गोळ्या,
ज्या गुडघा सोडवतात आणि पाणी अडवतात.

तेवढ्यात काळ्या चौकोनाने खाकरलं.
एफी. आठवड्यातून तीनदा जाते, झाडलोट, पाव, चादरी.
"मी काही शिकलेली नाही," म्हणाली,
"पण तीन आठवडे चादरीची घडी मोडलेली नाही.
खिडकीशी खुर्चीत असतो रात्रभर.
म्हणतो, बोटी बघतो.
मार्च आहे. खाडी गोठलेली. कसल्या बोटी?"

डॉक्टर गप्प झाले.
या वेळी लाइन नीट होती.

जन्मभर मिठावर जगलेला माणूस.
खारवलेला कॉड, खारवलेलं मांस, कपड्यांतून खार झटकणारा.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
तो जागत होता, खुर्चीत, उताणं झालं की बुडेल म्हणून.

वजनकाटा पाठवलाय म्हणाले. तो विमानात,
आणि विमान धुक्यात, तिकडेच.
तेव्हा धक्क्यावरच्या शेडमधला माशांचा काटा
दोन पोरांनी बर्फगाडीवर घालून आणला.
चाळीस वर्षं अँब्रोजने त्यावर दुसऱ्यांचा मासा जोखलेला,
काट्यावर कधी बोट नाही ठेवलं.
आता मोजे घालून वर चढला, भिंतीला धरून.
"हात सोडा," मी म्हटलं. "भिंतीचं वजन नको."
हसला. दम लागला. पण हसला.

आता सकाळी सातला फोन येतो.
"वारा ईशान्येचा. एकशे ब्याण्णव."
"धुकं. एकशे नव्वद."
परवा मी विचारलं, हवामान कशाला सांगता?
म्हणाला, आकडा एकटा बरा वाटत नाही.

प्रमाणपत्रं आली. मला, सिरिलला, मॅरिएटला.
एफीच्या कामाला त्या यादीत रकानाच नव्हता.
मी दोनदा कळवलंय.
ती म्हणते, कागद घेऊन काय करू,
आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर,
पीठ आणि रॉकेल यांच्या खाली,
पेन्सिलीने लिहिते: १८८.
मग उशा मोजते.
काल दोन होत्या.