रतीब

तुन्हाला शिकायला निघालो तेव्हा
मारिसेलाला शब्द दिला होता,
तुला एक मास्तर बनवून देतो.
पगार न मागणारा, रविवारी न पिणारा.

बनवला.
चारशे परक्या पोरांच्या पायांवर शिकवला,
सगळी सपाट मुलखातली, समुद्रकाठची,
भरपूर हवा खाऊन वाढलेली.
आमच्या तळ्याची उंची त्याला सांगितली,
तीन हजार मीटर.
पातीच्या कांद्याचा पहाटेचा वास
त्याच्या रकान्यात बसत नव्हता, तो ठेवला बाजूला.

पहिले तीन आठवडे दोघांचं जमेना.
तो लिहायचा: काल विश्रांती झाली,
आज आठ-आठ मिनिटांचे चार चढ.
ती चढायची. तिसऱ्यातच पाय संपायचे.
तो पुन्हा हिशेब मांडायचा, पुन्हा चुकायचा,
रोज जवळजवळ तेवढ्यानेच.

रोज तेवढीच चूक, तिला चूक म्हणत नाहीत.
हातचा कुठेतरी राहिलेला असतो.
हे दुसरीतच शिकवलं होतं सेन्योरा ओबदुलियाने,
छडीसकट.

फोन केला. खरं सांग, दिवसभरात आणखी काय करतेस?
काही नाही.
पहाटे?
काही नाही रे. धारा काढते, रतीब घालते.
कशावर?
बाबांच्या लोखंडी सायकलवर. वीस-वीस लिटरचे दोन कॅन.
सात घरं, शेवटचं घाटाच्या तोंडाशी.
ते काम आहे, त्यात सराव कसला?

छातीचा पट्टा बांधून जा, म्हटलं.

चार चाळीसला रेघ सुरू झाली
आणि वर, वर जात राहिली.
सात ठिकाणी थांबली, दूध मोजण्यापुरती.
तिसऱ्या वळणावर अकरा सेकंद
हृदय अगदी टोकाला.
मास्तरने नोंद केली: उत्कृष्ट स्प्रिंट.
ते कापितान होतं. रोखासांचं कुत्रं.

पुढच्या सोमवारी पत्रकात पहिल्यांदा
व्यायाम म्हणून शब्द आला: रतीब.
त्याच्यापुढे कंसात काही नाही.
आणि मंगळवारचा चढ निम्मा.
मारिसेलाने आईला दाखवलं.
आईने चष्मा लावून वाचलं, म्हणाली,
तेवीस वर्षं मी घातला,
मला नाही कुणी निम्मा करून दिला.

जूनमध्ये सोगामोसोच्या शर्यतीत ती चौथी आली.
मास्तरने फक्त लिहिलं: उद्या झोप.

ऑगस्टात डेअरीचा टँकर गावात यायला लागला.
थंड पोटाचा, पांढरा, वेळेवर.
भाव दीडपट. आईची कंबर खूश.
मारिसेला सहापर्यंत झोपायला लागली
आणि दोन आठवड्यांत तिचे आकडे उतरले,
उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखे.

मास्तरला टँकर कुठून ठाऊक असणार?
तो रोज रात्री मागत राहिला:
चार चाळीस. रतीब.
ती एक ओळ खोडायला मी बसलो.
खोडायला एक बटण लागतं.
जेवून येऊन खोडू म्हटलं, आणि झोपून गेलो.

सकाळी नोंद आलेली.
चार अडतीस. तोच घाट. तेच सात थांबे.
तिसऱ्या वळणावर अकरा सेकंद.

कॅनमध्ये काय होतं?
पाणी.
आणि थांबलीस कशाला?
सवयीने. दोन्या एर्सिलिया दार उघडून उभीच होती,
पातेलं घेऊन.
तिला त्याच वेळी जाग येते अजून.
मग?
मग काय, पातेलंभर पाणी दिलं.
उरलेलं तिच्या वाफ्याला घातलं.

मी आकडे पाहत होतो.
चढावर ठोके दोनने कमी. थोडीशी बाकी राहत होती.
कागदावर मांडून बघितलं, मग सांगितलं:
किलोभर कमी पडतंय, मारिसेला.
दूध पाण्यापेक्षा जड असतं.

ती थोडा वेळ गप्प.
मागे कोंबडा ओरडत होता.
बरं, म्हणाली,
उद्यापासून वर कांद्याची एक जुडी बांधते.