मूठ सोडा

धंतोलीच्या लॅबमध्ये सकाळी सातपासून
माझं एकच वाक्य : मूठ आवळा.
दंडाला रबर, कोपराच्या खळीत माझं बोट,
शीर सापडते, सुई जाते.
मग म्हणते, आता सोडा.
बावीस वर्षं. दिवसाला साठेक मुठी.

आणि रात्री आठला वाडीच्या जुन्या ट्रान्सपोर्ट गोदामात
माझ्या नोकरीएवढं ज्याचं वय
तो रौनक बोपचे मला म्हणतो,
"ताई, इतकी काहून आवळून राहिल्या?
कुऱ्हाड पळून नाही जात."

रविवारी स्पर्धा. माझी पहिलीच.
फॉर्मवर 'अनुभव' असा रकाना होता.
लिहिलं : तीन महिने.
मग कंस करून : त्याआधी उमरेडला, सरपण.

लाकडगंजात वालजीभाईंच्या आरा मशीनवरून
आंब्याच्या जाड फळ्या येतात.
मे महिना, फळी दुपारीच तडकायला बघते.
रौनक बादलीनं पाणी मारतो तिच्यावर,
कूलरच्या वाळ्याला मारावं तसं,
म्हणतो, कोरडं लाकूड पातं धरत नाही.
चार वर्तुळं, मधे लाल ठिपका,
शर्टाच्या बटणाहून थोडा मोठा.

दांडा बाभळीचा.
झाडे मिस्त्रींनी पाचर ठोकून बसवला, हसले,
"घ्या बाई, गोतास काळ."
रोज रात्री त्याला जवसाचं तेल चोळते.
आई खाटेवरून विचारते,
आधी माझे गुडघे की आधी तुझी कुऱ्हाड?
एका वाटीत दोघींचं भागतं.

रेषेपासून फळी बारा फूट.
घरात ओट्यापासून न्हाणीच्या दारापर्यंत
दोन-दोन फुटांच्या सहा फरश्या, बरोबर बारा.
भात शिजेपर्यंत लाटणं घेऊन उभी राहते,
डोक्याच्या मागे नेते, पुढे आणते,
सोडत नाही अर्थात.
समोरच्या गॅलरीतल्या मोहरीलबाई
हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात.

दांडा आधी लागला की आवाज येतो, टण्ण,
आणि कुऱ्हाड खाली पडते, ताट पडल्यासारखी.
माझे दहातले सहा असेच.
पलीकडे कामठीची अल्फिया,
एकोणीस वर्षांची, कानात इअरफोन,
दिवा मालवावा तशी फेकते.
ठप्प.
वळूनही बघत नाही.

परवा लॅबमध्ये एक आजोबा आले,
एसटीतून रिटायर, ड्रायव्हर.
नळी भरली, सुई निघाली, कापूस दाबला,
म्हटलं, आता सोडा.
मूठ सुटेना.
बोटांची पेरं पांढरी, अंगठा आत दडलेला,
जणू घाटातलं वळण अजून संपलं नव्हतं.
बाहेर रांग होती, बेल वाजत होती.
मी घाई केली नाही.
फक्त बघत राहिले, कुठलं बोट आधी उघडतं.
करंगळी.
मग तिच्या शेजारचं.
अंगठा सगळ्यात शेवटी.

त्या रात्री मी नेम धरलाच नाही.
करंगळीपासून सुरुवात केली.
कुऱ्हाड केव्हा गेली कळलं नाही,
हात समोर राहिला, रिकामा,
कुणाला काही द्यायला निघाल्यासारखा.
रौनक म्हणाला, "हं."
तेवढंच. मग पुढचे तीन टण्ण.

आज शनिवार.
पिशवीत टॉवेल, खडूची पूड, ग्लुकोज, पॉलिश पेपर.
चप्पल चालत नाही म्हणून
सीताबर्डीवरून आणलेले बूट, अजून चावतात.
पात्याला जुनी पँट गुंडाळली.
आई विचारते, जिंकलीस तर काय देतात?
ढाल.
आणि हरलीस तर?
सोमवार, म्हटलं.
ती हसली, गुडघ्यावर हात फिरवत,
वाटीतलं उरलेलं तेल माझ्याकडे सरकवून.