सोळा ते सोळा

टेंभुर्णेकाकांनी महालातला स्टुडिओ बंद केला
तेव्हा एक जुनं भिंग मला दिलं, पस्तीसचं,
आणि वर एक वाक्य:
“जवळचंबी पाहिजे, दूरचंबी पाहिजे ना?
मंग दोघाईकडे पाहू नोको.”

भिंगाच्या गळ्यात आकड्यांची माळ आहे.
टोकाला आडवा झोपलेला आठ, म्हणजे अनंत.
खाली डावीकडे एक सोळा, उजवीकडे एक सोळा.
झोपलेला आठ एका सोळ्यावर आणून ठेवायचा,
मग दुसरा सोळा सांगतो
कुठून पुढे सगळं ठळक:
सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत.
मधली खूण मात्र अडीच मीटरवर थांबते.
तिथे बहुधा कोणीच नसतं.

ही विद्या बाहेर काढली
साताऱ्याचे व्याही आले तेव्हा.
कुमुदिनीबाईंची अट एकच होती:
“आम्ही नीट दिसायला पाहिजे, आणि मागं नागपूरही.
नाहीतर लोक म्हणतील, गच्चीवरच काढलाय.”

झिरो माइलला मार्चचं ऊन दगडात मुरलेलं.
सगळी गावं त्या खांबापासून किती लांब, ते कोरलेलं;
खांब कशापासून लांब, ते नाही.
भालचंद्रराव दगडी घोड्याशेजारी उभे राहिले.
फोटोत घोड्याचे डोळे उघडे आले,
यांचे मिटलेले.

म्हणून संध्याकाळी फुटाळ्याला.
उजेड उतरत चाललेला
आणि सोळ्यावर तर तो
वस्त्रगाळ होऊनच आत येतो, चिमूट चिमूट.
कॅमेरा अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर,
खाली माझ्या दुपट्ट्याची उशी.
पुढे कुमुदिनीबाई, मांडीवर संत्राबर्फीचा डबा,
मागे पाणी, पाण्यापलीकडे झाडांची काळी किनार.
“हलू नका,” मी म्हटलं.
भालचंद्रराव म्हणाले, “श्वास घेतला तर चालेल का?”

तेवढ्यात बाजूने एक माणूस चौकटीत आला.
चेक्सचा शर्ट, हातात अर्धं सोललेलं संत्र.
माझं ‘हलू नका’ त्याने स्वतःवरच घेतलं.
फोड ओठांशी नेता नेता थांबला,
शहाण्या मुलासारखा,
शटर मिटेपर्यंत.
मग फोड खाल्ली, बी थुंकली, गेला.

प्रिंट आली.
कुमुदिनीबाई ठळक. डब्यावरची अक्षरं वाचता येतात.
पलीकडची झाडं ठळक, म्हणजे
चालून जाईल इतपत.
काका म्हणायचेच,
“ठळक असं काई नसते बाई,
पुसट किती खपवून घेतो आपण, तेवढंच.”
खपवून घ्यावं न लागणारा एकच होता त्या फोटोत.
संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा धागा,
अंगठ्याच्या नखाखालचा पिवळा रंग,
शर्टाचं तुटलेलं दुसरं बटण.
अडीच मीटर, मोजून.

साताऱ्याहून फोन आला.
फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, छान आलाय,
येणारा जाणारा विचारतो,
हे मधले तुमचे कोण?
“तुमच्याकडचेच कोणीतरी असतील म्हणून
आम्ही सांगतो, मामा.”
मी नाही म्हटलं नाही.

केतकी त्या फोटोत नाही.
लग्नाला दीड महिना झाला होता,
दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती त्यांच्यासोबत निघणार होती,
कुणाला सुचलंही नाही तिला पुढे बोलवायचं.
मी वाकून भिंग फिरवत होते, आठ सोळ्यावर, सोळा सव्वावर,
आणि ती माझ्या खांद्यामागे, इतकी जवळ
की तिच्या केसांतलं तेल मला येत होतं.
सव्वा मीटरच्या खूप आत.
दोन्ही हातांनी गाडी धरून उभी होती,
हलू नये म्हणून.